सायकलची फ्रेम नळीनळीने समजून घ्या: नवीन लोकांसाठी

सायकल घ्यायला दुकानात गेलं की गिअर किती, सस्पेन्शन आहे का, डिस्क ब्रेक आहे का एवढंच बोलणं होतं, आणि फ्रेमबद्दल विचारलं तर "स्टीलची आहे" नाहीतर "अलॉय आहे" याच्या पुढे उत्तर जात नाही. खरं तर गिअर, ब्रेक, चाकं हे सगळं नंतर बदलता येतं, पण फ्रेम बदलली म्हणजे सायकलच बदलली. म्हणून ज्यांनी नुकतीच सायकल घेतलीय, किंवा घरातली जुनी काळी सायकल अडगळीतून काढून नीट करायचीय, किंवा सेकंडहँड बघताय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नुसतं वाचू नका, सायकल समोर उभी करा आणि एकेका भागाला हात लावत वाचा. ओलं फडकं, मोबाईलचा टॉर्च, एक फूटपट्टी आणि तीनेक मीटर सुतळी जवळ ठेवा, बास.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. फ्रेमवर जिथे जोर येतो तिथे धातू ठेवलेला असतो, जिथे येत नाही तिथला काढून टाकलेला असतो. प्रत्येक नळी जाड का, बारीक का, वाकडी का, तिला भोक का, याचं उत्तर जवळजवळ नेहमी यातच सापडतं, उरलेलं उत्तर असतं की बनवणाऱ्याला जोडायला सोपं जावं म्हणून.

पायरी १: चेनच्या बाजूला उभं राहून नुसतं बघा

पुढे मोठा चौकोन दिसेल, अगदी त्रिकोणच वाटेल असा, मागे खरा त्रिकोण, म्हणजे दोन त्रिकोण, चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक. त्रिकोण का, तर त्रिकोणाच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही, त्यामुळे नळ्यांवर येणारा जोर मुख्यतः त्यांच्या लांबीच्या दिशेने येतो, दाबणारा किंवा ताणणारा. बारीक नळी वाकवायला सोपी असते पण लांबीच्या दिशेने ताणायला प्रचंड जोर लागतो, सायकल पंधरा किलोची असून शंभर किलोचा माणूस कशी वाहते त्याचं गुपित हेच.

हा आकार काही पहिल्या दिवसापासून नव्हता. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला जॉन केम्प स्टार्लीने १८८५ मध्ये रोव्हर सायकल आणली, दोन सारख्यासारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला चेन असलेली, पण सुरुवातीच्या रोव्हरला सीटपासून खाली येणारी नळीच नव्हती आणि काही नळ्या वाकड्या होत्या. १८९० च्या सुमारास सरळ नळ्यांचा हा आकार रुळला आणि तो आजही तसाच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं ते १८८८ चं, म्हणजे फ्रेमचा हा आकार ठरत होता त्याच वर्षांमध्ये आपल्याकडे सायकली विकल्या जात होत्या!

आता वरची आडवी नळी, जिच्यावर आपण लहानपणी कुणाच्यातरी पुढे बसून फिरलोय, तिच्यावर हात ठेवा. नुसतं सीटवर बसलं तर ही नळी दाबली जाते आणि खालची तिरकी नळी ताणली जाते. पुढचा ब्रेक जोरात मारला की उलट होतं, चाक फोर्कला, म्हणजे पुढच्या चिमट्याला, मागे रेटतं आणि खालच्या नळीवर दाब येतो. म्हणून समोरून धडकलेल्या सायकलची खूण बहुतेक वेळा याच नळीवर असते, हँडलखालच्या जोडाच्या मागे दोन-चार बोटांवर, नळीच्या खालच्या अंगाला. ओल्या फडक्याने तिथला चिखल पुसा आणि बोट हळू फिरवा. फुगवटा, सुरकुती लागली किंवा रंगाला आडव्या बारीक चिरा दिसल्या तर ती फ्रेम घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

लेडीज सायकलला वरची नळी नसते किंवा खाली उतरवलेली असते, साडीत किंवा ड्रेसमध्ये चढता यावं म्हणून. सोय खूप मोठी आहे पण चौकोनाची एक बाजू खाली गेल्यामुळे फ्रेम जास्त पीळ खाते, तो कमी करायला खालच्या नळ्या जाड किंवा दुहेरी घालतात, म्हणून ही सायकल तेवढ्याच मजबुतीसाठी थोडी जड असते. उलट टोकाला आपल्या मालवाहू काळ्या सायकली, त्यातल्या काहींना डबल बार असतो, वर दोन नळ्या. फ्रेम उंच झाली की पुढचा चौकोन त्रिकोणापासून लांब जातो आणि ढिला पडतो, ती दुसरी नळी तो आवळून धरते.

पायरी २: नळ्यांची जाडी मोजा

स्टीलच्या नेहमीच्या फ्रेमवर वरची नळी २५.४ मिमी, खालची आणि सीटची २८.६ मिमी, म्हणजे एक इंच आणि सव्वा इंचाला थोडी कमी. खालची नळी वरच्यापेक्षा जाड का? तर पायडल मारताना उजवा पाय खाली दाबला की क्रँकची, म्हणजे पायडल बसतं त्या दांड्याची, जागा एकीकडे झुकते, त्याच वेळी आपण हँडल उलटीकडे ओढतो, आणि या दोघांमधला सगळा पीळ खालच्या नळीतून जातो. पिळाला तोंड द्यायचं तर नळीचा व्यास वाढवणं सगळ्यात फायद्याचं. नळीची भिंत तेवढीच ठेवून व्यास दीडपट केला तर वजन दीडपट होतं पण ताठपणा साधारण ३.४ पट होतो. वहीचा एक कागद पेन्सिलीएवढा घट्ट गुंडाळा आणि दुसरा मनगटाएवढा सैल, दोन्ही पिळून बघा, लगेच हाताला कळेल.

अलॉयच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, सायकलींच्या नळ्या जाडजूड का दिसतात तेही यातूनच सुटतं. अॅल्युमिनियमचं वजन स्टीलच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठपणाही साधारण एक तृतीयांशच. त्याच मापाची नळी केली तर सायकल रबरासारखी लवचिक होईल, म्हणून व्यास वाढवतात. शिवाय अॅल्युमिनियमला पुन्हापुन्हा लवणं मानवत नाही, स्टील एका मर्यादेच्या आतला जोर कितीही वेळा सोसतं पण अॅल्युमिनियमचं तसं नाही, छोटा जोर सुद्धा लाखो वेळा आला की थकवा साठत जातो. म्हणून ती फ्रेम मुद्दाम लवणारच नाही अशी बनवतात. "अलॉय कडक बसतं" असं लोक म्हणतात त्यात तथ्य आहे, पण आपल्या रस्त्यांवर टायरची रुंदी आणि हवेचा दाब याचा फरक फ्रेमपेक्षा कितीतरी जास्त जाणवतो, त्यामुळे फक्त तेवढ्यावरून स्टील की अलॉय ठरवू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

चांगली स्टीलची फ्रेम हाताशी असेल तर एक मजा करून बघा. नखाने टिचकी मारत वरच्या नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे जा. टोकाशी आवाज दबका, मग अचानक मोकळा, मग परत दबका. कारण नळीची भिंत टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते, उदाहरणार्थ ०.८ मिमी, मध्ये ०.५, परत ०.८. जोर सगळा जोडापाशी, शिवाय जोडताना तिथे धातू तापून कमकुवत होतो, मग मध्ये जास्तीचं वजन कशाला वाहायचं. अशा नळ्यांचं पेटंट रेनॉल्ड्स यांनी इंग्लंडात १८९७ मध्ये घेतलं. तुमच्या सायकलला आवाज सगळीकडे एकसारखा आला तर ती साधी नळी आहे, त्यात वाईट काही नाही, जड असते पण दणकट असते आणि तिला पोचे कमी पडतात.

पायरी ३: सीटची नळी

ही नळी सरळ उभी नसते, मागे कललेली असते, ७२ ते ७४ अंशांच्या आसपास. त्यामुळे सीट वर केली की ती आपोआप मागेही जाते, लांब पायाच्या माणसाला मागे जागा लागतेच. एका अंशाचा फरक म्हणजे सीट साधारण एक-सव्वा सेंटीमीटर पुढेमागे.

वरच्या टोकाला एक उभी चीर असते, बोल्ट आवळला की नळी सीटपोस्टला, म्हणजे सीटच्या दांड्याला, चिकटून बसावी म्हणून. त्या चिरेचं खालचं टोक बघा, चांगल्या फ्रेमला तिथे गोल भोक असतं. चिरेचं टोक टोकदार राहिलं तर सगळा ताण त्या एका बिंदूवर साठून तडा पुढे पळतो, गोल केलं की ताण पसरतो. सेकंडहँड बघताना इथे टॉर्च मारायचाच.

आणि सीटपोस्टवर कोरलेली मिनिमम इन्सर्शनची रेघ, ती कधीही बाहेर दिसू द्यायची नाही. मुलं उंच होतात तशी सीट वर वर जाते आणि एक दिवस ती रेघ बाहेर येते, मग आपलं सगळं वजन नळीच्या वरच्या दोन बोटांना उचकटायला लागतं. पोस्ट निदान वरच्या आडव्या नळीच्या जोडाच्या खालपर्यंत आत हवी. पुरत नसेल तर लांब पोस्ट घ्या, खरं तर मोठी फ्रेम घ्यायची वेळ झालेली असते.

कोकणात, गोव्यात, मुंबईत राहणाऱ्यांनी अजून एक करा. स्टीलच्या फ्रेममध्ये अॅल्युमिनियमची पोस्ट असेल तर खारट दमट हवेत दोन धातू एकमेकांना धरून बसतात, इतके की पुढे कापून काढावी लागते. वर्षातून दोनदा पोस्ट काढून पुसून ग्रीस लावायचं, पाच मिनिटांचं काम आहे.

पायरी ४: हँडलखालची नळी आणि फोर्क

सगळ्यात आखूड नळी, पण पुढच्या चाकाचा प्रत्येक दणका हिच्यातूनच फ्रेममध्ये शिरतो. दोन टोकांना दोन बेअरिंग, आणि खड्ड्याचा उभा भार पूर्ण खालच्याच बेअरिंगवर. म्हणूनच आजकालच्या बऱ्याच सायकलींना ही नळी खाली फुगीर असते, वरचं बेअरिंग सव्वा इंचाच्या आतबाहेर आणि खालचं दीड इंचाच्या मापाचं. ते फॅशन म्हणून नाही.

आता फोर्क, म्हणजे पुढचा चिमटा, खाली पुढच्या बाजूला का वाकलेला असतो? बरेच जण सांगतात दणके शोषायला. थोडा लवतो हे खरं पण मुख्य कारण वेगळं आहे, आणि ते जमिनीवर मोजून बघण्यासारखं आहे. सायकल सरळ उभी धरायला कुणालातरी सांगा. हँडलखालच्या नळीच्या रेषेत एक सरळ काठी धरा आणि ती जमिनीला जिथे टेकते तिथे खडूने खूण करा. मग पुढच्या चाकाच्या एक्सलमधून ओळंबा सोडा, म्हणजे सुतळीला नट बांधून, आणि तो जमिनीला टेकतो तिथे दुसरी खूण. दुसरी खूण पहिलीच्या मागे येते. या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल, रस्त्यावरच्या सायकलला साधारण साडेपाच ते सहा सेंटीमीटर.

चाक जमिनीला टेकतं ती जागा वळण्याच्या रेषेच्या मागे फरफटत येते, म्हणून चाक आपोआप सरळ व्हायला बघतं, हात सोडून सायकल चालवता येते त्यात याचा मोठा वाटा. ट्रेल खूप ठेवला तर सायकल सरळ जाते पण वळायला जड, कमी ठेवला तर चपळ पण बिचकणारी. नळीचा कोन आणि फोर्कचा बाक या दोघांनी मिळून ट्रेल ठरतो. ७३ अंशांचा कोन, ३४० मिमी त्रिज्येचं चाक आणि ४५ मिमी बाक धरला तर ट्रेल ५७ मिमी येतो. बाक वाढवला की ट्रेल घटतो, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. जुन्या काळ्या सायकलींचा कोन जास्त आडवा, म्हणून त्यांच्या फोर्कला बाकही मोठा द्यावा लागतो, नाहीतर हँडल जड होईल. सरळ पायांच्या फोर्कला बाक नसतो असं समजू नका, त्याचे पाय वरच्या जोडापाशीच पुढे तिरके लावलेले असतात.

यावरून कामाचं एवढंच की फोर्क बदलताना लांबी आणि बाक जुन्याएवढाच घ्या. साध्या फोर्कच्या जागी लांब सस्पेन्शन फोर्क घातला की पुढचा भाग वर जातो, कोन पडतो, सायकलचं वळणं बदलतं आणि खालच्या नळीच्या त्या जोडावर जास्तीचा जोर येतो.

डिस्क ब्रेकवाल्यांसाठी: कॅलिपर, म्हणजे डिस्कला दाबून धरणारा भाग, फोर्कच्या डाव्या पायावर असतो म्हणून तो पाय दणकट केलेला असतो, आणि ब्रेक मारला की एक्सल खाली, खाचेतून बाहेर ढकलला जातो. म्हणून खाचेच्या तोंडाशी छोटे कान ठेवतात किंवा सरळ बंद भोकातून जाणारा थ्रू एक्सल देतात. ते कान कानशीने घासून टाकू नका, चाक काढायला त्रास देतात म्हणून लोक करतात असं.

पायरी ५: क्रँकची जागा आणि उलटे आटे

चारही बाजूंनी नळ्या येऊन मिळतात ती खालची आडवी डबी म्हणजे बीबी (बॉटम ब्रॅकेट). फ्रेममधला सगळ्यात जास्त राबणारा भाग. थोडं गणित करू. क्रँक १७० मिमी, पुढचं चक्र ४६ दात्यांचं म्हणजे त्रिज्या साधारण ९३ मिमी. ६० किलोच्या माणसाने पायडलवर उभं राहून पूर्ण वजन टाकलं की चेन जवळजवळ ११० किलोच्या जोराने ताणली जाते. ३२ दात्यांच्या चक्रावर तोच जोर १५५ किलोच्या पुढे जातो! आणि हा ताण सगळा उजव्या बाजूला.

आता नवीन लोक हमखास अडकतात ती गोष्ट. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, आणि नेहमीच्या बीबीमध्ये उजव्या बाजूच्या कपाचेही उलटे. कारण बघायचं असेल तर एका हाताच्या बोटांची सैल गोल कडी करा, त्यात पेन्सिल घाला आणि पेन्सिलचं बाहेरचं टोक कडीच्या आतल्या कडेला टेकवत गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेने हळूहळू फिरताना दिसेल. पायडलचा एक्सल क्रँकच्या भोकात हेच करतो, आटे कितीही घट्ट असले तरी केसाएवढी जागा असतेच आणि पायाचा जोर फिरत राहतो. डावीकडे साधे आटे दिले असते तर पायडल चालता चालता सुटलं असतं. पायडलच्या बेअरिंगचं घर्षण मात्र उलट दिशेला, सोडवायच्या दिशेला ओढतं, पण ते फार कमी असतं.

पाना लावताना डावं-उजवं पाठ करू नका. पान्याचा दांडा वर उभा ठेवा आणि मागच्या चाकाकडे ढकला, दोन्ही बाजूंची पायडलं तशीच सुटतात. बसवताना आधी ग्रीस लावून हातानेच चार आटे जाऊ द्या, सहज गेले नाहीत तर थांबा, पान्याने रेटलं की अॅल्युमिनियमच्या क्रँकचे आटे गेलेच म्हणून समजा.

बीबीच्या पोटाला खाली एक भोक असतं, ते पाणी निघून जायला आहे. पावसाळ्यात सीटच्या चिरेतून, पोस्टच्या फटीतून पाणी आत जातं आणि सगळं इथे साठतं. चिखलाने बुजलं असेल तर तार घालून मोकळं करा, जोरदार पावसात चालवली असेल तर पोस्ट काढून सायकल उलटी करून ठेवा थोडा वेळ. मागच्या नळ्यांच्या टोकांना सुईएवढी भोकं दिसतील ती मात्र वेगळी, वेल्डिंग करताना आतली तापलेली हवा बाहेर पडायला ठेवलेली.

पायरी ६: मागचा त्रिकोण

खालच्या दोन नळ्या जाड, वरच्या दोन बारीक. चेनचा ताण मागचं चाक बीबीकडे खेचतो, तो दाब खालच्यांवर येतो, शिवाय बाजूने लवणंही त्यांनीच रोखायचं. वरच्या फक्त सीटकडून येणारा दाब एक्सलपर्यंत पोचवतात, म्हणून बोटाएवढ्या चालतात. खालच्या नळ्या बीबीजवळ चेपलेल्या दिसल्या तर घाबरू नका, टायरला आणि चक्राला जागा मिळावी म्हणून कारखान्यातच दाबलेल्या असतात. दोन्ही बाजूंना नीटस, गुळगुळीत खोलगट असेल तर मूळची, एकीकडेच वेडीवाकडी असेल तर पोचा.

या नळ्या किती लांब यावरून सायकल कशासाठी केलीय कळतं. रेसवाल्या सायकलला ४१ सेंटीमीटरच्या आसपास, लांबच्या सामानाच्या प्रवासाच्या सायकलला ४४ ते ४६, कारण पिशव्या लावल्या की टाच त्यांना लागते.

एक्सलची खाच आडवी असेल तर ती बहुतेक वेळा बिनगिअरच्या सायकलची, चाक मागे ओढून चेन ताणता यावी म्हणून. गिअरवाल्या सायकलमध्ये चेनचा ढिलेपणा डिरेलरची, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाची, स्प्रिंग सांभाळते, म्हणून खाच उभी, चाक दर वेळी एकाच जागी बसतं. डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो तो हँगर मुद्दाम मऊ आणि बदलता येण्यासारखा करतात, सायकल उजवीकडे पडली तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा, म्हणून सायकल घेतानाच एक जास्तीचा मागून सीटखालच्या पिशवीत टाका, नंतर शोधत बसावं लागतं.

मागच्या दोन खाचांमधलं अंतरही मोजून ठेवा: जुन्या पाच गिअरला १२०, सहा-सातला १२६, नंतरच्या रोड सायकलला १३०, एमटीबीला (माउंटन बाइकला) १३५ मिमी. मागची चक्रं वाढली तशी जागा वाढवावी लागली. स्टीलची फ्रेम जाणकार माणूस १२६ वरून १३० ला फाकवू शकतो. अॅल्युमिनियम किंवा कार्बनची कधीही फाकवू द्यायची नाही.

पायरी ७: सुतळीने फ्रेम तपासा

सेकंडहँड घेताना हे करूनच पैसे द्या. मागचं चाक काढा. सुतळीचं एक टोक उजव्या खाचेला बांधा, सुतळी पुढे नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घाला आणि परत आणून डाव्या खाचेला तेवढीच ताणून बांधा. आता सीटच्या नळीपासून सुतळीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना फूटपट्टीने मोजा. सारखं आलं किंवा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक आला तर ठीक. त्याहून जास्त असेल तर मागचा त्रिकोण एकीकडे गेलाय, स्टीलची असेल तर चांगल्या कारागिराकडून सरळ करून मिळते, त्या खर्चाचा विचार करून भाव पाडा. अलॉयची असेल तर सोडून द्या, सरळ करायला जाल तर तडा जायची भीती, आणि तडा गेलेल्या अलॉयच्या फ्रेमला गल्लीतलं वेल्डिंग लावू नका, त्या मिश्रधातूला वेल्डिंगनंतर परत भट्टीत तापवून ताकद आणावी लागते, ती सोय तिथे नसते.

मोजून झालं की चाक बसवा, मागून एक डोळा मिटून बघा, पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत दिसतंय का, आणि मगच चालवून बघायला मागा.